पाचट, युरिया आणि मृगाचा पाऊस

बीड जिल्ह्यात धरणाचा टक्का लहान पोरालाही ठाऊक असतो. माजलगावला किती, धनेगावच्या मांजरा धरणात किती, बिंदुसरा भरली का, ही चौकशी रामराम झाल्याबरोबर सुरू होते. पाऊस किती मिलिमीटर झाला, टँकर किती लागले, बोअर किती फुटांवर गेलं, हे आकडे पारावर तोंडपाठ असतात. जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या पुढेमागे. २०१२, २०१४, २०१५ आणि २०१८ ही वर्षं ज्यांनी काढली, त्यांना पाण्याखेरीज दुसऱ्या कशाचा हिशोब सुचत नाही, यात त्यांचा काही दोष नाही.

पण शिवारातून हवेत जाणाऱ्या आणि हवेतून शिवारात उतरणाऱ्या गोष्टी तीन आहेत. पाणी, कर्ब आणि नत्र. तिघांची ये-जा एकाच पानातून आणि एकाच मातीतून होते, आणि एकाचा तोल गेला की दुसऱ्या दोघांचा जातोच. दुष्काळाच्या योजना आखताना आपण यातलं एकच मोजतो. बीडच्या रानात बरीच वर्षं कृषी सहायक म्हणून फिरलेल्या एका बाईंना हे हळूहळू उमगत गेलं. त्याची ही हकीकत.

नोकरीची पहिली वर्षं त्यांनी गेवराई तालुक्यात, गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीत काढली. पुढे बदली झाली ती धारूर-केजच्या डोंगरपट्ट्यात. म्हातारी माणसं त्यांना ‘बाई’ म्हणतात, तरुण पोरं ‘मॅडम’, बचत गटातल्या बायका ‘ताई’. घर मूळचं ऊसतोडीचं. दसरा-दिवाळी उरकली की आई-वडील कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जायचे आणि कारखान्याचा पट्टा पडला की पाडव्याच्या सुमाराला परत यायचे. शिकून सरकारी नोकरीला लागलेली त्या घरातली ही पहिली मुलगी.

फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची मृद आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली आणि मातीचे नमुने घेणं हे त्यांचं उन्हाळ्याचं मुख्य काम झालं. बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, जिरायतीत दहा हेक्टरला एक. रान मोकळं असताना जायचं. वरचा काडीकचरा हाताने बाजूला सारायचा, खुरप्याने पंधरा सेंटिमीटर खोल, खाली निमुळता होत जाणारा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून बुडापर्यंत सारख्या जाडीने खरवडायची. अशा पाच-सात ठिकाणची माती गोणपाटावर एकत्र करायची, तिचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. पिशवीत चिठ्ठी: नाव, गाव, गट नंबर, मागचं पीक, पुढचं पीक.

प्रयोगशाळेत त्या मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालतात. सेंद्रिय कर्ब त्यात जळून जातो, आणि डायक्रोमेट किती खर्ची पडलं यावरून तो किती होता हे कळतं. शेवटच्या टप्प्यावर निळसर-जांभळं द्रावण एका थेंबाने हिरवं होतं. प्रशिक्षणाच्या वेळी त्यांनी हे स्वतः करून पाहिलं. मेमध्ये पायाखाली तापलेल्या त्या ढेकळांचं सगळं गुपित त्या एका थेंबात होतं, असं त्यांना तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

पत्रिका छापून आल्या. सामू आठच्या वर. पालाश भरपूर. नत्र कमी. कर्ब कमी. पत्रिकेमागून पत्रिका तेच. ०.३० टक्के, ०.३५, एखाद्या मळ्यात ०.४५. गेवराईकडच्या एका शेतकऱ्याने पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, “बाई, कर्ब कमी हाय म्हणता, तर मग कोणत्या कंपनीचा टाकू? एकरी किती गोण्या?”

प्रश्न प्रामाणिक होता. नत्र कमी असेल तर युरिया, स्फुरद कमी असेल तर सुपर फॉस्फेट, जस्त कमी असेल तर झिंक सल्फेट. कर्बाचीही गोणी असणारच, असं त्या माणसाने धरलं होतं. कर्ब गोणीतून मिळत नाही, तो हवेत आहे आणि पिकानेच तो तिथून ओढून आणायचा असतो, हे बांधावर उभं राहून सांगणं सोपं नव्हतं. वाळलेल्या कडब्याच्या वजनात चाळीस टक्क्यांहून जास्त कार्बन असतो आणि तो सगळा हवेतून आलेला असतो. मातीतून येतो तो थोडासा भाग, चूल विझल्यावर राख म्हणून उरणारा. हे सांगितल्यावर पुष्कळ जण आधी अविश्वासाने हसतात.

मग शिवारातला कर्ब जातो कुठे? तिथपासून बाईंचा खरा शोध सुरू झाला.

मुळं, पानगळ, शेण, धसकटं यांच्यावर मातीतले जीव जगतात. खातात आणि श्वास सोडतात, त्यातून बहुतेक कार्बन पुन्हा हवेत जातो. थोडासा चिकणमातीच्या कणांना धरून राहतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पत्रिकेवरचा आकडा या थोड्याशा भागाचा. माती जितकी तापलेली, जितकी उघडी आणि जितकी उलथापालथ केलेली, तितकी ही जीवांची चूल जोरात पेटते. बीडमध्ये उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो, रान महिनोन्महिने उघडं पडलेलं असतं. खर्च असा दणदणीत, आणि जमेला काय? कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत जातात किंवा बांधावर पेटतात. शेणाच्या गोवऱ्या होतात. कडबा विकला जातो. २०१९ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उभ्या होत्या. गावोगावची जनावरं तिथे बांधली गेली, आणि त्यांच्याबरोबर एका अख्ख्या हंगामाचं शेणखत शिवाराबाहेर गेलं. दुष्काळाने पाणी नेलं हे सगळ्यांना दिसलं. त्याने त्या वर्षीचा कर्ब आणि नत्रही नेलं, याची नोंद कुठे झाली नाही.

या गोष्टी कळल्यावर मृगाच्या पहिल्या पावसाकडे त्या वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागल्या. मातीचा वास सुटतो, पोरं अंगणात येतात, माणसं खोल श्वास घेतात. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि आर. जी. थॉमस या संशोधकांनी या वासाचा अभ्यास ‘नेचर’मध्ये छापला. त्या वासात मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा मोठा वाटा असतो. पण त्याच घडीला आणखी एक गोष्ट चाललेली असते, तिला वास नाही. महिनोन्महिने कोरड्या पडलेल्या मातीवर पाणी पडलं की निपचित पडलेले जीव एकदम जागे होतात, मेलेल्या जीवांचं आणि मोकळ्या झालेल्या सेंद्रिय पदार्थाचं खाणं त्यांना मिळतं, आणि काही तासांत जमिनीतून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा बाहेर पडतो. केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये हे नीट मांडलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. कार्बनबरोबर नत्रही मोकळं होतं. पेरणी साधली तर ते रोपाला मिळतं; पेरणी लांबली तर तण खातं, किंवा पुढच्या पावसात धुऊन खाली जातं.

मृग साधला पाहिजे, असं जुनी माणसं का सांगत होती, याचं एक कारण बाईंना इथे सापडलं. पाऊस लहरी झाल्यावर मृगात पेरणं धोक्याचं झालं, हेही तेवढंच खरं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला त्यांनीच गावोगावी दिला आहे. दुबार पेरणीचं संकट पाहिलेल्या कुणालाही तो सल्ला चुकीचा वाटणार नाही. पण पहिल्या पावसाने सोडलेलं नत्र मधल्या उघडिपीत वाया जातं, ही त्या सल्ल्याची किंमत आहे आणि ती शेतकरी भरतो.

आता पाण्याकडे येऊ. बीडमध्ये उघड्या भांड्यातून वर्षभरात जेवढं पाणी उडून जाऊ शकतं, ते वर्षाच्या पावसाच्या दुपटीहून जास्त आहे. शेततळ्यांच्या योजनेत हा आकडा फार बोचतो. ‘मागेल त्याला शेततळे’ २०१६ मध्ये आलं तेव्हा बाईंनीही हौसेने आखण्या करून दिल्या. तीस बाय तीस मीटरचं तळं म्हणजे नऊशे चौरस मीटर पाण्याचा पृष्ठभाग. कडक उन्हाळ्यात त्यावरून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडतं. रोजचे नऊ हजार लिटर, म्हणजे जवळजवळ एक टँकर, कुणाच्याही तोंडात न पडता हवेत. तळं नको असं नव्हे. फळबाग जगवायला त्याच्यासारखा आधार नाही, आणि आष्टी-पाटोद्याच्या हलक्या रानात तर नाहीच. पण जे पाणी मातीत मुरून पिकाच्या मुळाशी राहतं, ते कुठल्याही तळ्यापेक्षा स्वस्त असतं. एक मीटर खोल भारी काळी जमीन पिकाला दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी साठवून देऊ शकते. त्याचा फोटो निघत नाही, उद्घाटन होत नाही.

आणि हवेत जाणारं सगळं पाणी सारखं नसतं. ही गोष्ट त्या शेतीशाळेत आवर्जून सांगतात. उघड्या मातीवरून उडालेलं पाणी जाताना काही देत नाही. पानातून गेलेलं पाणी कार्बन मिळवून देतं. हवेतला कार्बन आत घ्यायचा तर पानाला आपली रंध्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की आतली वाफ बाहेर पडते. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत येईपर्यंत पाण्याचे काही शे रेणू निघून जातात. या देवघेवीत सगळी पिकं सारखी नाहीत. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांच्या पानांत कार्बन आधी धरून ठेवायची खास सोय असते. तेवढंच वजन तयार करायला कापूस, सोयाबीन, तूर यांना लागतं त्याच्या जवळपास निम्म्या पाण्यात ही पिकं भागवतात. हस्त-चित्राच्या ओलीवर पेरलेली शाळू ज्वारी वरून एक पाणी न देता, नुसत्या मातीतल्या ओलीवर कणसावर येते. वर कडबा देते, कडब्याचं शेण होतं, शेण रानात येतं. मराठवाड्याच्या हवेला याहून शोभणारं पीक क्वचितच असेल. पण ज्वारीला भाव नाही, काढणीला माणूस नाही, पाखरं राखायला तर कोणीच नाही. खरिपात कपाशी आणि सोयाबीनने रान व्यापलं ते पैशाच्या गरजेपोटी, आणि गरजेला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

ऊसही त्याच काटकसरी पानाचा. मग तो पाणी पितो म्हणून बदनाम का? कारण तो रानात बारा ते अठरा महिने उभा असतो, भर उन्हाळ्यातही रंध्रं उघडी ठेवतो आणि दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी घेतो. बीडचा अख्ख्या वर्षाचा पाऊस त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही.

उसाशी बाईंचं नातं कागदावरचं नाही. लहानपणी ज्या वर्षी गावात ठेवायला कोणी नसे, त्या वर्षी त्या आई-वडिलांबरोबर फडावर असायच्या. पहाटे अंधारात टोळी फडात शिरायची. वडील तोडायचे, आई मोळ्या बांधून गाडीपर्यंत न्यायची. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, वेगळे बांधून ठेवायचे. ते विकून मीठमिरचीचा खर्च निघायचा. ऊस गेला की दोन-चार दिवसांत मालक पाचटाला काडी लावायचा. रात्रभर आभाळ तांबडं दिसायचं आणि सकाळी कोपीवर, भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख. त्या वयात त्यांना ती आग छान वाटायची, थंडीत ऊब मिळायची.

पुढे नोकरीत त्याच पाचटाचे आकडे त्यांच्या हातात आले. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. त्यात अर्धा टक्का नत्र आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब. त्यांनी वहीत गुणाकार करून पाहिला: चाळीस ते पन्नास किलो नत्र, अडीच ते चार टन कार्बन. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतं. म्हणजे एका हेक्टरचं पाचट पेटवलं की दोन गोण्या युरिया एका रात्रीत हवेत. शिवाय राखेखाली भाजलेली माती दुसऱ्या दिवसापासून उघडी, तिच्यावरून नुसतंच पाणी उडणार. पाणी, कर्ब, नत्र, तिन्ही एकाच काडीने. आईवडिलांच्या घामाने तुटलेल्या कितीतरी फडांवर हे झालं होतं, आणि आता माजलगाव, गेवराई, केजच्या पट्ट्यात तेच चाललं होतं. हे समजावणं ही नोकरीपलीकडची गोष्ट आहे, असं त्यांनी तेव्हापासून मानलं.

शेतकरी पाचट जाळतो ते अडाणीपणाने, असं मात्र त्या कधी म्हणत नाहीत, आणि कुणी म्हटलं तर त्यांना राग येतो. पाचट असलं की सरीत पाणी पुढे सरकत नाही. उंदीर होतात, साप बसतात. शेजाऱ्याची ठिणगी आली तर खोडवाच जळतो. वर सगळ्यात नेमकी तक्रार ही: “पाचट ठेवलं का खोडवा पिवळा पडतोय.” ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. पाचटात कार्बन भरमसाट, नत्र नावाला. ते कुजवणाऱ्या जीवांना कार्बनबरोबर नत्रही लागतं, आणि पाचटात ते पुरेसं नसल्याने ते मातीतलं ओढून घेतात. काही आठवडे पीक उपाशी राहतं. पाचट कुजल्यावर ते नत्र परत मिळतं. म्हणून कुट्टी करून पाचट सरीत दाबताना त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू खत टाकायचं, बुडखे छाटून घ्यायचे आणि मग पाणी द्यायचं. एवढं जिथे नीट झालं, तिथे खोडव्याच्या दोन पाण्यांतलं अंतर वाढलं. लोकांना कर्बाचं काही वाटलं नाही. पाण्याच्या एका पाळीची बचत त्यांना लगेच समजली, आणि पाचट राहिलं ते त्या एका पाळीमुळे.

नत्राची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. हवेत ७८ टक्के नत्र, आणि पीक त्याच्याखाली नत्रावाचून पिवळं. तूर, मूग, उडीद, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू ते हवेतून धरतात. शेतीशाळेत बाई तुरीचं रोप माती न झटकता उपटतात, गाठ नखाने फोडतात आणि हातात देतात. आत गुलाबी रंग असला तर गाठ कामाला लागलेली. पांढरी किंवा हिरवट असली तर रिकामी. बायका हे फार बारकाईने पाहतात. कपाशीत दर काही ओळींनंतर तुरीचं तास घालायची जुनी रीत होती. त्यामागे तुरीची पानगळ आणि या गाठी होत्या.

जे काम हे जिवाणू मातीच्या उबेत करतात, ते माणसाने १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली करून दाखवलं, आणि १९१३ मध्ये कार्ल बॉश यांनी जर्मनीत ओपाऊला त्याचा कारखाना चालू केला. आज निम्म्या जगाच्या ताटात त्या शोधाचा घास आहे. त्याचंच शेवटचं टोक म्हणजे गावच्या कृषी सेवा केंद्रातली, २६६ रुपये ५० पैशांची निमकोटेड युरियाची गोणी. स्वस्त, हमखास हिरवं करणारी. जुलै-ऑगस्टमध्ये रिमझिम थांबली की लोक ओल्या रानात युरिया फेकतात. सामू आठच्या वर असलेल्या आपल्या मातीत पृष्ठभागावर पडलेला युरिया दोन-चार दिवसांत अमोनिया होऊन उडायला लागतो. ऊन-वारा असला आणि मागून चांगला पाऊस आला नाही, तर तिसरा हिस्सासुद्धा जाऊ शकतो. हाच युरिया चार बोटं मातीखाली गेला तर बराचसा वाचतो.

पावसाने ओढ दिली की असं, आणि झोडपलं की तसं. २०१६ मध्ये एप्रिलला लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, कारण त्यांना पाजणारं धनेगावचं धरण कोरडं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात असा पाऊस झाला की काळ्या रानात दिवसच्या दिवस पाणी साचलं. मातीत हवा उरली नाही की काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून जगतात आणि नत्र वायुरूपाने हवेत सोडतात. त्यातला एक वायू नायट्रस ऑक्साइड. तो शतकभर हवेत राहतो, आणि वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो. सप्टेंबरमधली ती पिवळी कपाशी पाहून लोकांनी आणखी युरिया नेला. दुसरं करणार तरी काय होते?

या सगळ्यात बाईंना सर्वांत शहाणी वाटणारी रीत सरकारी नाही. उन्हाळ्यात धनगरांचे कळप येतात, शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देऊन मेंढरं रानात बसवतात. दिवसभर माळावर चरलेला चारा रात्री लेंड्या आणि मूत होऊन शेतात पडतो. माळाचं नत्र आणि कर्ब अशा रीतीने चालत चालत रानात येतं. मेंढरं बसलेलं रान पुढची दोन वर्षं ओळखू येतं, हे कुणीही सांगेल.

पण त्यासाठी माळ हवा. धारूरला आल्यावर बालाघाटचे हे माळ बाईंना जवळून दिसले. कुसळी, पवना, मारवेल. मध्ये बोर, हिवर, पळस. आणि उतारावर सीताफळ. जनावर तोंड लावत नाही म्हणून सीताफळ टिकलं, उन्हाळ्यात पानं टाकून पाणी वाचवतं, पावसाच्या तोंडावर पालवतं, आणि मुरमाला दरसाल पाल्याचा थर देतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गवताची मोठी कमाई जमिनीखाली असते. मुळांत साठलेला हा कार्बन वणव्याने सहजासहजी जात नाही. पाणी अडवण्याच्या चळवळीने या डोंगरांना खूप दिलं. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या तीन तालुक्यांत अंबाजोगाई होता; रणरणत्या उन्हात बायाबापड्यांनी समतल चर खणले ते बाईंनी डोळ्यांनी पाहिलं आहे. बीडजवळ पालवणच्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईने झाडं वाढवली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरलं, अध्यक्षस्थानी वडाचं झाड. या उत्साहाबद्दल त्यांना मनापासून आदर आहे. एकच गोष्ट त्यांना खटकते: जेसीबीने माळाची साल खरवडून चर काढायचे आणि कडेला गवताचं बी टाकायचं राहून जायचं. चरात पाणी थांबतं, पण उघडा पडलेला मुरूम तापतो आणि साठलेला कर्ब सोडतो. चराच्या बांधावर मारवेलीची ठोंबं आणि गिरिपुष्पाच्या काड्या लावायला जेसीबीच्या तासाभराच्या भाड्याइतकाही खर्च येत नाही.

या माळाचा आणि हवेचा संबंध दूरवर पोहोचतो. हवाई बेटांवर मौना लोआ इथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा तो दशलक्षात ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या पुढे आहे. हा आकडा दर मेमध्ये वर जातो आणि उत्तर गोलार्धातली झाडंपिकं हिरवी झाली की सप्टेंबरपर्यंत खाली येतो. जमिनीवरची झाडंपिकं वर्षाला हवेतल्या एकूण कार्बनच्या सातव्या हिश्शाइतका आत घेतात आणि जवळपास तेवढाच परत सोडतात. या चालू ये-जात माणसाने जमिनीखालचा जुना कार्बन घुसवला. परळीच्या विद्युत केंद्राच्या चिमण्यांतून तोच जातो. जुलै २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. वाफ करायला पाणी लागतं, हे कोळशाच्या बाबतीतही सुटलेलं नाही.

पाण्याचंही तसंच. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की मान्सूनच्या उत्तरार्धात भारतात पडणाऱ्या पावसात जमिनीवरून, झाडापिकांतून गेलेल्या बाष्पाचा वाटा वाढतो. गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्येत तो पाचव्या-चौथ्या हिश्शापर्यंत जातो. बीडच्या कपाशीतून ऑगस्टमध्ये गेलेली वाफ कुठे पडते, हे गावाला कळणार नाही. पण पानातून गेलेलं पाणी वाया गेलं नाही, एवढं तरी त्यातून समजतं.

गेल्या काही वर्षांत बाईंच्या कामाचा बराच भाग एका लहानशा अवजारावर खर्च झाला आहे. युरिया मातीखाली पेरायला वेगळी मजुरी लागते, आणि मजूर तर तोडीला गेलेले किंवा पुण्याला. बचत गटातल्या एका मावशींनी विचारलं, “ताई, कोळपणी तर करायचीच हाय, कोळप्यालाच नळी लावली तर?” गावच्या लोहाराने पाइपचा तुकडा आणि पत्र्याचं नरसाळं जोडून दिलं. मागून एक बाई मूठमूठ युरिया सोडत चालते, फासेने उकरलेली माती त्यावर पडते. काही ठिकाणी ते जमलं, काही ठिकाणी ओल्या मातीने नळी बुजते आणि लोक पुन्हा फेकून मोकळे होतात. नळीचं तोंड तिरकं कापलं तर कमी बुजतं, हे अलीकडे कळलं.

मातीचा कर्ब दोन-तीन वर्षांत हलत नाही. म्हणून पुढच्या पत्रिकेत इतका वाढेल, असं वचन बाई कुणाला देत नाहीत. नमुन्याच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर त्या आता गट नंबर आणि पिकाच्या जोडीला आणखी चार शब्द लिहितात: पाचट जाळलं की ठेवलं, मेंढरं बसली का, तुरीचं तास होतं का, पऱ्हाट्या कुठे गेल्या. छापील पत्रिकेत त्यासाठी रकाना नाही. तो असावा, म्हणजे दहा वर्षांनी कुणी हे कागद काढून बसलं तर आकडा का हलला किंवा का नाही हलला ते त्याला वाचता येईल, अशी त्यांची मागणी आहे, आणि प्रत्येक बैठकीत त्या ती मांडतात.